मुंबई पाहावी कशी?

वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना वर्षभर ज्या दिवसाची ओढ लागलेली असते, तो दिवस म्हणजे शैक्षणिक सहलीचा. त्यातही सहल मुंबईची असेल, तर आदल्या रात्री कोणाचा डोळा लागत नाही. अशा अनेक सहली नेण्याचा योग आम्हांस आला. परतल्यावर मुलांचे निबंध वाचताना मात्र एक गोष्ट मनास बोचत राहिली. समुद्र अफाट होता, इमारती उंच होत्या, भेळ छान होती. याच्या पलीकडे निबंध जात नसत. एका दिवसात आठ स्थळे दाखविण्याच्या आमच्याच हव्यासाचे ते फळ होते. एका मुलीने शेवटी लिहिले होते, की एवढ्या मोठ्या शहरात आपण फारच लहान आहोत असे वाटले. त्या वाक्याने आम्हांला विचार करावयास लावले. त्यातून जे उमगले, ते पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

आता आम्ही आरंभ करतो तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून. नालासोपाऱ्याजवळील प्राचीन शूर्पारक बंदराच्या परिसरात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, ते येथे जतन केलेले आहेत. त्यांतील आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. गिरनार आदी ठिकाणच्या पूर्ण पाठावरून त्याचा आशय कळतो, आणि तो प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे ‘विहारयात्रा’ करीत. येथे विहार म्हणजे शिकार व करमणूक. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहा वर्षांनंतर संबोधीच्या स्थानाला भेट दिली आणि ‘धम्मयात्रा’ सुरू केली. तीत श्रमण-ब्राह्मणांच्या व वृद्धांच्या भेटी, दान आणि जनपदातील लोकांशी संवाद होता. प्रवास तोच, पाहण्याचा हेतू बदलला. सहलीला याहून चांगला पहिला पाठ आम्हांस सापडलेला नाही.

हा हेतू मनात ठेवून प्रत्येक वास्तूपुढे तीन प्रश्न विचारावेत : ही कोणी उभारली, कशासाठी उभारली आणि तिच्यावर नाव कोणाचे आहे?

संग्रहालयापासून चालत गेटवे ऑफ इंडिया गाठता येते. सुमारे २६ मीटर उंचीच्या या कमानीवरील लेख सांगतो, की २ डिसेंबर १९११ रोजी राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी येथे उतरले, त्याचे हे स्मारक आहे. परंतु राजा उतरला तेव्हा ही कमान अस्तित्वातच नव्हती! पायाभरणी १९१३ साली झाली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९२४ साली ती पूर्ण झाली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. स्वागतासाठी बांधलेली कमान निरोपाची साक्षीदार ठरली. दगड घडविणाऱ्या हातांचा उल्लेख मात्र त्या लेखात नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, बांधकामाचा आरंभ १८७८ साली झाला. २००४ पासून ही वास्तू जागतिक वारसा आहे. तिच्या भिंतींवरील पाने, फुले, पशुपक्षी निरखताना मुलांना अवश्य सांगावे, की या कोरीव कामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. विद्यार्थ्यांचे काम जगाचा वारसा होऊ शकते, हे ऐकताच मुलांची नजर बदलते.

राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्यासाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या आईचे नाव दिले. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील या मनोऱ्याखाली उभे राहून आम्ही एकच गोष्ट सांगतो. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने याच विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली, त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

दुसरा दिवस कान्हेरीसाठी राखून ठेवावा. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, याची आठवण ठेवावी. काळ्या कातळात कोरलेली येथील शंभरावर लेणी सुमारे हजार वर्षे भिक्षुसंघाच्या वापरात होती. चैत्यगृहाची भव्यता डोळ्यांत भरतेच. पण पावसाचे पाणी साठविणाऱ्या पोढी आणि त्यांकडे जाणारे पाट मुलांना दाखवावेत. मग ब्राह्मी लेखांकडे वळावे. त्यांत दाते म्हणून व्यापाऱ्यांबरोबर कल्याणचे सोनार व लोहार आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. गेटवेच्या लेखात राजाराणीचे नाव आहे. येथे कष्टकऱ्यांची नावे जवळजवळ दोन हजार वर्षे टिकून आहेत.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलांना शहर दाखविताना स्थळे थोडी निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी वेळ द्यावा. छायाचित्र काढण्यापूर्वी तेथील लेख मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सहलीबरोबर एखादा दिवस चालावे. शहर उंच आहे खरे. पण ते कोणाच्या हातांनी उंच झाले हे कळलेले मूल त्याच्यापुढे दबून जात नाही.