वाणाची परीक्षा घेतं कोण?

मे 2020 मधल्या ‘तिरंगा’ टोमॅटोला पाच वर्षं उलटून गेली. संगमनेर-अकोल्याच्या प्लॉटांत फळं धड लाल होईनात, पिवळे-हिरवे पट्टे घेऊनच पिकू लागली, आणि खापर लगेच बियाण्यावर फुटलं. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तो पसरवतो मावा. माणसाला त्याचा काही धोका नसतो, पण हे कळेपर्यंत गिऱ्हाईक पळालं होतं. त्या गदारोळात एक प्रश्न राहूनच गेला: ही संकरित वाणं आमच्या मातीत, आमच्या उन्हात आधी कुणी तपासली होती का?

राहुरीला कृषी विद्यापीठ आलं, धनश्री, भाग्यश्री ही टोमॅटोची वाणं आली, पुढे राजश्री आणि फुले राजा ही संकरित वाणं आली. त्या वर्षांची हकिकत पुस्तिकांत आहे, ती तिथेच असू द्या. मला बोलायचंय ते 2005 नंतरच्या दहा वर्षांबद्दल.

राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं, निम्मं अनुदान आलं आणि दहा-दहा गुंठ्यांची पॉलिहाऊसं उभी राहिली. लाल माती ओतून बेड भरले. सतत वाढणारी वाणं सुतळीवर चढवायची, बगलफूट काढत राहायचं, महिनोन्‌महिने तोडे घ्यायचे. कागदावर सगळं झकास. एप्रिलमध्ये आतलं तापमान बाहेरच्याहून वर गेलं की परागकण निकामी होतात, फुलं गळतात. आत ना वारा ना मधमाशी, मग तारा हलवून परागीभवन करायचं. त्यात बेडमध्ये सूत्रकृमी. थंड देशाच्या काचघरात उत्तम ठरलेलं वाण इथे हरलं, तर दोष त्याचा नव्हे, न तपासता आणणाऱ्याचा.

तपासणं म्हणजे काय? चार-सहा वाणं शेजारी शेजारी, सोबत तुलनेला एक माहितीचं वाण, प्रत्येकाच्या तीन-चार पुनरावृत्ती, निदान दोन हंगाम. मग चौरस मीटरला किलो किती, सरासरी फळ किती ग्रॅम, गराची जाडी, विद्राव्य घटक, किती दिवस टिकलं. आमच्या वाट्याला आली ती कंपन्यांची पीक पाहणी. मांडव, टोपी, चहा आणि आधीच निवडून ठेवलेला एकच प्लॉट. शेजारी दुसरं वाण नाही, मग पाहणी कसली? ते लग्नातलं मुलगी दाखवणंच. प्रश्न विचारला तर ‘विद्यापीठवाला दिसतोय’ म्हणून हसायचे. हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढे टोमॅटो सोडून ढोबळी मिरची आणि जरबेरा धरला. एकदम चुकलं असंही नाही. उघड्या शेतातल्या टोमॅटोचा भाव पडला की पॉलिहाऊसमधल्याचा खर्च कुठून निघणार?

त्या दहा वर्षांत खरा परीक्षक बदलला. व्यापाऱ्याच्या तक्त्यात दोनच रकाने: कॅरेटचं वजन आणि फळाचा कडकपणा. दिल्लीपर्यंत न फुटता जाणारं वाण पास. आंबटगोड चव, पातळ साल, रस्सा दाट करणारा गर, हे सगळं नापास. जुलै 2023 मध्ये किलोला शंभराच्या पुढे मोजून लोकांनी घेतला तो हाच जाड सालीचा टोमॅटो. पुढच्या काही आठवड्यांत भाव असे कोसळले की तोडणीची मजुरीही सुटेना. चवीबद्दल तक्रार करायला तेव्हा सवड कुणाला होती!

चाचण्या होतच नव्हत्या, असं मी म्हणणार नाही. राहुरी अखिल भारतीय समन्वित भाजीपाला संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, वाणांच्या शिफारशी कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे अग्रेस्कोत, मांडल्या जातात. पण शेतकरी वाण ठरवतो रोपवाटिकेच्या दारात, आणि तिथे अहवाल नसतो, पाकिटावरचा फोटो असतो.

म्हणून मागणी एकच. पॉलिहाऊस आणि शेडनेटमध्ये बाजारातली संकरित वाणं नावानिशी लावा, आणि निकालाचा तक्ता लागवडीआधी संगमनेर, अकोले, राहात्याच्या बाजार समित्यांत मराठीत लावा. हरलेल्या वाणांची नावंही त्यात हवीत.