एरवाडीनंतरचा वॉर्ड

तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली आणि 28 जण दगावले. पळणार कसे? साखळदंडांनी जखडलेले होते. त्याला आता पाव शतक होत आलं, तरी ‘बांधलं नाही तर अंगावर येतात’ हे पालुपद अजून ऐकू येतं.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली इंग्रजी अमदानीतली मनोरुग्णालयं आणि 1912चा वेड्यांसाठीचा कायदा. 1952 मध्ये पॅरिसमधल्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध वापरलं, पुढे जगभरचे वॉर्ड शांत झाले. उंच भिंती मात्र उभ्याच राहिल्या. 1987चा नवा कायदा लागू व्हायलाच 1993 साल उजाडलं.

खरी घुसळण झाली ती 1999 नंतरच्या दशकात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या त्या वर्षीच्या अहवालाने 37 सरकारी रुग्णालयांची लक्तरं वेशीवर टांगली. त्यातली कित्येक तुरुंगाच्याच धाटणीची होती. मग एरवाडी घडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. याच काळात वेल्लोरच्या डॉक्टरांनी मोलाचं काम केलं. खवळलेल्या 200 रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीत (2004) हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन या स्वस्त जोडीने लोराझेपामपेक्षा लवकर शांत करता येतं, हे दिसलं. इंजेक्शन कोणतं द्यायचं ते कळलं. हात का उगारला गेला, हे विचारायची सवय मात्र लागली नाही.

वॉर्डात संध्याकाळी जेवणाची रांग लागते. एक जण चौथ्यांदा विचारतो, ‘मामा, घरी कधी सोडणार?’ वॉर्डबॉय मामा एकटेच. एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात वरणाची बादली. ‘गप बस!’ म्हणतात. ताट भिरकावलं जातं. केसपेपरवर नोंद होते, ‘रुग्ण आक्रमक’. चार वेळा विचारलेला प्रश्न त्यात नसतो. मामांचा सुजलेला ओठही नसतो, हेही खरं.

लंडनचे संशोधक लेन बोवर्स यांनी नेमकं हेच उलटून पाहिलं. वाईट बातमी सांभाळून सांगणं, नकार देताना आवाज न चढवणं, कर्मचारी आणि रुग्णांनी एकमेकांना ओळखणं, अशा साध्या गोष्टींनी इंग्लंडमधल्या वॉर्डांतल्या कटकटी सुमारे 15 टक्क्यांनी आणि बळजबरीचे उपाय 26 टक्क्यांनी घटले (2015).

आपल्याकडे 2017चा कायदा आला. त्याने साखळी आणि एकांतकोठडी बंद केली. रुग्णाला बांधायचं तर धोका अगदी समोर उभा असताना, दुसरा उपाय नसेल तेव्हाच. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. हे कलम वाचून टाळ्या वाजवणाऱ्या सरकारांनीच पदं रिकामी ठेवली. मग चादरीने बांधलेल्या मनगटाचा दोष एकट्या मामांच्या माथी मारणं सोयीचं पडतं.

आपलं माणूस अशा वॉर्डात असेल आणि आपण या कायद्यानुसार त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी असाल, तर त्याला बांधल्याची खबर 24 तासांत मिळणं हा आपला हक्क आहे. ती मागा, आणि कारण लेखी मागा.