सांडपाण्याची वाट

खेड्यात नळ आला, की त्याच्या पाठोपाठ सांडपाणीही येते. विहिरीवरून हंडे डोक्यावर वाहून आणावे लागत, तेव्हा घरातील पाण्याचा प्रत्येक तांब्या जपून वापरला जाई आणि उरलेसुरले पाणी परसातील केळीला किंवा अळूला पुरत असे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घरात हे पाणी २७५ लिटर होते. पिण्यास व स्वयंपाकास त्यातले थोडेच लागते. बाकीचे बहुतेक पाणी मोरीतून बाहेर पडते. ते शेजाऱ्याच्या दारात तुंबते आणि मग पाण्यावरून भांडणे जुंपतात.

या पाण्याचे दोन प्रकार आहेत. मोरीचे आणि भांडी-धुण्याचे ते सांडपाणी. शौचालयाचे ते मैलापाणी. दुसऱ्यात रोगजंतू फार मोठ्या प्रमाणात असतात, म्हणून ही दोन्ही पाणी कधीही एकत्र करू नयेत. सांडपाण्यासाठी मात्र घराजवळचा शोषखड्डा बहुधा पुरेसा होतो.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी असे खड्डे केले. उघडी गटारे नाहीशी झाली, डास हटले आणि हे गाव सर्वत्र ओळखले जाऊ लागले. पुढे रोजगार हमी योजनेच्या साहाय्याने जिल्ह्यातील इतर गावांतही हे काम झाले. लोक त्याला ‘मॅजिक पिट’ म्हणतात. पण त्यात जादू काहीच नाही. खड्ड्याच्या मध्यभागी सिमेंटची टाकी असते, तिच्या वरच्या भागाला छिद्रे पाडलेली असतात आणि सभोवती दगड भरलेले असतात. गाळ टाकीच्या तळाशी बसतो. वरचे निवळलेले पाणी छिद्रांतून दगडांत येते आणि हळूहळू जमिनीत मुरते. दगडांवर व मातीच्या कणांवर वाढणारे सूक्ष्मजीव त्यातील खरकटे खाऊन टाकतात. खरे शुद्धीकरण करते ती माती. खड्डा केवळ पाणी तिच्यापर्यंत पोहोचवतो.

ही माती सर्वत्र सारखी नसते. काळी चिकण माती ओली झाली की फुगते आणि पाणी शोषत नाही. तेथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते. भूजल अगदी वर असेल, तर खड्डा पाण्यानेच भरून राहतो. पिण्याच्या विहिरीजवळ तर तो घेऊच नये. शिवाय राख, तेलकटपणा आणि भांड्यांची माती यांमुळे दगडांमधील फटी बुजतात. टाकीतील गाळ वेळोवेळी काढला नाही, तर चांगला खड्डाही निकामी होतो. उद्घाटनाला सगळे येतात, गाळ काढायला मात्र कोणी फिरकत नाही! आणखी एक गोष्ट : तुंबलेल्या घाण पाण्यातील क्यूलेक्स डास शोषखड्ड्यांमुळे कमी होतात, परंतु डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. म्हणून रांजण आणि टाक्या झाकून ठेवणे व आठवड्यातून एकदा कोरड्या करणे चुकत नाही.

घरे दाटीवाटीची असली, की प्रत्येकाला खड्ड्यापुरती जागा मिळत नाही. पंजाबातील जालंधर जिल्ह्यातील सीचेवाल या गावी म्हणूनच निराळी वाट शोधली गेली. तेथे गावाचे पाणी एकत्र करून आधी त्यातील कचरा व गाळ वेगळा करतात, मग ते तळ्यात साठवतात. ऊन, वारा आणि शेवाळ यांच्या साहाय्याने ते तेथे सुधारते व पुढे शेतीला दिले जाते. अशा पाण्यावर धान्य किंवा चारा घेणे योग्य. कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र ते देऊ नये.