चांचा कोण आणि परवानेवाला कोण?

समुद्रावर दुसऱ्याचें जहाज लुटतो तो चांचा, ही व्याख्या आमच्या व्यापारी वाचकांस पुरेशी वाटेल. परंतु युरोपांतील राज्यांस ती कित्येक शतकें मान्य नव्हती. तीच लूट राजाचा परवाना घेऊन, युद्धकाळीं, शत्रूच्या जहाजावर केली म्हणजे ती कायदेशीर ठरे. परवानेवाल्यानें धरलेलें जहाज आरमारी न्यायालयापुढें आणावें, न्यायालयानें तें वाजवी लूट म्हणून ठरवावें, मग विक्रीचा पैसा राजा, भांडवलवाले व खलाशी यांनीं ठरल्या वांट्यानें घ्यावा, अशी रीत होती. थोडक्यांत, हा भागीदारीचा व्यापारच होय. ज्याचा माल गेला त्याचें नुकसान मात्र दोन्हीं प्रकारीं सारखेंच!

सगळा भेद कागदावर असल्यामुळें कागद गहाळ झाला कीं काय होतें, हें विल्यम किडच्या प्रकरणांत दिसतें. १६९५-९६ च्या सुमारास इंग्लंडच्या राजाकडून फ्रेंच जहाजें धरण्याचा व चांच्यांचा बंदोबस्त करण्याचा, असे दोन परवाने त्यास मिळाले. भांडवल घालणारांत इंग्लंडचे बडे मंत्री होते. राजाचाही दहावा हिस्सा होता. १६९८ च्या जानेवारींत किडनें मलबार किनाऱ्यालगत बंगालहून सुरतेस जाणारें ‘क्वेदा मर्चंट’ हें जहाज धरलें. त्यावर रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल होता व त्यांतील कांहीं मोगल दरबारच्या एका उमरावाचा होता. पण जहाजावर दस्तक फ्रेंचांचें होतें! तीन वर्षांपूर्वींच एव्हरी नांवाच्या इंग्रज चांच्यानें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ लुटल्यामुळें सुरतेचे इंग्रज कैदेंत पडले होते. कंपनीस आतां बादशहाची समजूत घालणें भाग होतें, आणि मंत्र्यांस आपली अब्रू वांचविणें. किडनें फ्रेंच दस्तकें आपल्याच एका भांडवलवाल्याच्या, म्हणजे गव्हर्नर बेलमाँटच्या, हवालीं केलीं होतीं. खटल्याच्या वेळीं तीं सांपडलीं नाहींत. १६९१ नव्हे, १७०१ सालीं, म्हणजे शतक पालटल्यावर, थेम्सच्या कांठीं त्यास फांशीं दिलें. दस्तकें विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या सरकारी दप्तरांतच मिळालीं. किड निर्दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं; आपल्या तोफचीच्या खुनाबद्दलही तो दोषी ठरला होता. परंतु भांडवलवाल्यांपैकीं कोणीही फांशीं गेला नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

ज्या कंपनीनें हा सारा प्रकार पाहिला, तिच्याच दप्तरांत कान्होजी आंग्रे यांस चांचा म्हटलेलें आहे. कान्होजी तर परवानेवालेही नव्हते. १७१३ पासून ते शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे राज्याचे अधिकारी होते. कोंकण किनाऱ्यावरील जहाजांनीं आपलें दस्तक घ्यावें, न घेतील तीं धरावीं, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ या नांवानें हेंच करीत आले होते, आणि त्यांस कोणी चांचे म्हटलें नाहीं.

१८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यानें युरोपांतील प्रमुख राष्ट्रांनीं असे परवाने बंद केले. अमेरिकेनें त्यावर सही केली नाहीं. तिच्या राज्यघटनेंत असे परवाने देण्याचा काँग्रेसचा अधिकार आजही लिहिलेला आहे.