निवृत्तीनंतरचे औषधपाणी

सोलापुरातील सात रस्ता येथे खेड्यातून आलेला मनुष्य वाट विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकीत नाही. कारखान्यातील नोकरी संपवून शेताकडे परतणारा तोच मनुष्य विम्याविषयी मात्र कोणास काही विचारीत नाही, आणि नोकरीबरोबर दवाखानाही सुटला असे धरून चालतो.

वस्तुतः तो सुटत नाही. निदान ५ वर्षे विमापात्र नोकरी झालेल्या कामगारास वयोमानाने निवृत्त झाल्यावर वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून स्वतःचे व पत्नीचे औषधपाणी चालू ठेवता यावे, अशी तरतूद राज्य कामगार विम्याच्या १९५० च्या नियमावलीत करण्यात आली. मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्या याच मार्गाने मिळतात, आणि खिसा रिकामा होतो तो बहुधा या गोळ्यांनीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांस वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत लागू झाली खरी; परंतु ती मुख्यतः ठरावीक उपचारांकरिता अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी सुरू झालेले केंद्राचे वय वंदना कार्ड तर सत्तरीनंतरचे. कामगार विमा असलेल्यास पुढे तेही घेता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील निवृत्तास मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागते.

ग्रामसेवकांनी अशा कामगारांस नोकरीचा शेवटचा महिना उलटण्यापूर्वीच मालकाकडून नोकरीचा व निवृत्तीचा दाखला घेण्यास सांगावे. एरवी त्यासाठी ऐन पेरणीच्या दिवसांत खेपा घालाव्या लागतात.