घर पाहावं घेऊन – भाग 7 : डायरीवरचा प्लॉट

इंदुरात प्लॉट शोधत फिरणाऱ्या माणसाला दोन-चार दिवसांत हमखास एक प्रस्ताव येतो. कनाडिया रोड असो, उज्जैन रोड असो की सुपर कॉरिडॉरच्या मागची गावं, दलाल गाडीतून उतरतो, हात लांबवून गव्हाचं शेत दाखवतो आणि म्हणतो, ‘‘भिया, रजिस्ट्री अजून सुरू नाही. सध्या डायरीवर मिळेल. भाव फुटाला तीनशेनं कमी.’’

ही डायरी म्हणजे खिशात मावेल अशी साधी वही. त्यात कॉलनाइझरच्या, म्हणजे शेतजमिनीवर कॉलनी पाडून प्लॉट विकणाऱ्याच्या, किंवा त्याच्या माणसाच्या हातचं एक पान असतं: प्लॉट नंबर, माप (बहुतेकदा 20 बाय 50 किंवा 30 बाय 50), भाव, मिळालेली रक्कम, पुढच्या हप्त्याची तारीख आणि खाली एक गिचमिड सही. पावती नाही, स्टँप नाही. बरेचदा रक्कमही पूर्ण लिहिलेली नसते, शेवटची शून्यं गाळलेली असतात. शेतकऱ्याशी झालेला सौदा कच्चा, नगर तथा ग्राम निवेश खात्याकडून नकाशा मंजूर व्हायचा, रेराचा नंबर तर फारच लांब, अशा अवस्थेत कॉलनीतले अर्धेअधिक प्लॉट या वह्यांवर ‘विकले’ जातात. मग डायरी हातोहात फिरू लागते. पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, प्रत्येक जण मधे आपला नफा काढतो. वर्षा-दोन वर्षांनी परवानग्या आल्या की शेवटच्या माणसाच्या नावावर कॉलनाइझर थेट रजिस्ट्री करून देतो. मधले सगळे कागदावर जन्मलेलेच नसतात.

बाहेरच्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल, पण यामागे बाजाराचा जुना स्वभाव आहे. सराफा आणि कापडबाजारावर वाढलेल्या या शहरात लाखांचे व्यवहार तोंडी ठरण्याची आणि वहीतल्या एका ओळीवर चालण्याची रीत होती. कापसाच्या वायद्यात देशभर नाव काढणारे सर सेठ हुकूमचंद याच शहराचे. फरक इतकाच, की सराफ्यात घेणारा आणि देणारा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा समोरासमोर बसणार असत आणि शब्द मोडणाऱ्याला बाजार बंद होई. कॉलनीच्या डायरीत मात्र चौथ्या हाताने घेणाऱ्याने कॉलनाइझरचं तोंडही पाहिलेलं नसतं आणि सौदा पुरा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. विश्वासाची रीत उरली, विश्वास टिकवणारी रचना गेली.

दुसरं कारण निव्वळ हिशेबाचं आहे, आणि डायरी अजून का मरत नाही ते त्यातून कळतं. मध्य प्रदेशात महापालिका हद्दीतल्या रजिस्ट्रीचा खर्च, मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि नोंदणी फी मिळून, साधारण साडेबारा टक्के येतो. स्त्रीच्या नावावर घेतल्यास दोन टक्के वाचतात, कारण 2021 मध्ये महिलांसाठी नोंदणी फी तीन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आणली गेली. पुण्यात हाच खर्च सात टक्के मुद्रांक आणि जास्तीत जास्त तीस हजार रुपये नोंदणी फी एवढ्यावर आटोपतो. आता समजा, वीस लाखांचा हजार फुटी प्लॉट आहे आणि गाइडलाइनचा, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला रेडीरेकनर म्हणतात तो, दरही तेवढाच आहे. एका रजिस्ट्रीला अडीच लाख. तोच प्लॉट तीनदा हात बदलला तर साडेसात लाख नुसते सरकारजमा. डायरीवर तीनदा फिरला तर शून्य. सरकारने शुल्क चढं ठेवून डायरीला आयतं खतपाणी घातलं आहे, असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरणार नाही.

त्यात नफ्याचं गणित मोहात पाडणारं. वीस लाखांच्या प्लॉटवर पंचवीस टक्के, म्हणजे पाच लाख देऊन डायरी घेतली. सहा महिन्यांत फुटाचा भाव दोन हजारांवरून तेवीसशे झाला. भाव पंधरा टक्के वाढला, पण गुंतवलेल्या पाच लाखांवर नफा तीन लाख, म्हणजे साठ टक्के! मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा टप्पा 31 मे 2025 रोजी सुरू झाला, उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे, अमुक रस्ता सहापदरी होणार आहे. अशा प्रत्येक बातमीबरोबर डायऱ्यांचे भाव उड्या मारतात. खाली येतानाही गणित तेच असतं. भाव अठराशेवर आला की पाच लाखांतले दोन लाख बुडाले, आणि पुढचे हप्ते भरायची ताकद नसेल तर उरलेले तीनही अडकले. सुदामा नगरातलं किंवा लोकमान्य नगरातलं आईवडिलांचं घर विकून आलेला पैसा ‘थोडे दिवस’ डायरीत ठेवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. निवृत्त माणसाने तो मुळीच ऐकू नये. व्यापाऱ्याला चार डायऱ्यांतली एक बुडाली तरी चालते. पेन्शनरकडे डायरी एकच असते.

आता कायद्याकडे. रेरा कायदा 2016 चा, आणि मध्य प्रदेशाने भोपाळात आपलं प्राधिकरण 2017 मध्येच नेमलं. छोटे प्रकल्प (500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं-प्लॉट) सोडले तर नोंदणीशिवाय जाहिरात करणं, बुकिंग घेणं, विकायचं म्हणून नुसतं विचारणंदेखील बेकायदा आहे. नोंदणी झाल्यावरही किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर आधी रजिस्टर्ड करारनामा करावा लागतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. तिथल्या 1963 च्या फ्लॅट कायद्यातही वीस टक्क्यांच्या वर पैसे घेण्याआधी करार नोंदवण्याची अट होतीच. इंदूरच्या डायरीत पहिल्या हप्त्यालाच पंचवीस-तीस टक्के जातात आणि नंबरचा पत्ता नसतो. म्हणजे एका पानावर दोन नियम मोडलेले. इंदूर प्रशासनाने अशा सौद्यांविरुद्ध मोहिमा काढल्या, दलालांवर कारवाई झाली, डायऱ्या थोडे दिवस कपाटात गेल्या, आणि पुन्हा बाहेर आल्या.

डायरीवाल्याला सर्वांत जड जाते ती रोख रक्कम. 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. हा दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणून खरेदीदार निर्धास्त असतो. पण डायरी पुढे विकताना तोच ‘घेणारा’ होतो, हे कोणी त्याला सांगत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बेंगळुरूच्या एका शिक्षणसंस्थेच्या जमिनीचा खटला आला होता. विक्री-करारापोटी पंचाहत्तर लाख रुपये रोख दिल्याचा खरेदीदारांचा दावा होता. न्यायालयाने तो दावा तर फेटाळलाच, शिवाय दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं ज्या दाव्यात म्हटलं असेल त्याची माहिती कोर्टाने आयकर खात्याला कळवावी, असा आदेश दिला. म्हणजे डायरी घेऊन दिवाणी कोर्टात जायचं तर आपल्या पैशाचा हिशेब आधी आयकरवाल्यांना द्यायची तयारी हवी. ती तयारी नसते, हे कॉलनाइझरला चांगलं ठाऊक असतं.

मालकीचा प्रश्न त्याहून सरळ आहे. साधा विक्री-करार, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र यांच्या गठ्ठ्याने जमिनीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्येच स्पष्ट केलं. जिथे सही-शिक्क्याच्या मुखत्यारपत्राची ही कथा, तिथे डायरीला कोण विचारतो!

अर्थात रजिस्ट्री झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. पुष्पविहार आणि अयोध्यापुरी या इंदूरच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वसाहती. सभासदांनी कित्येक वर्षांपूर्वी पैसे भरले, अनेकांच्या रजिस्ट्र्या झाल्या, तरी प्लॉटचा ताबा मिळेना. संस्थांची जमीन परस्पर विकली गेल्याच्या तक्रारी होत्या. फेब्रुवारी 2021 मध्ये प्रशासनाने गुन्हे नोंदवले, मोहीम उघडली, तेव्हा कुठे लोकांना आपापल्या प्लॉटवर उभं राहता आलं. त्या वेळी ज्यांच्या हातात नोंदलेला कागद होता त्यांना निदान दाखवायला काहीतरी होतं.

मग नव्या कॉलनीत प्लॉट घ्यायचाच असेल तर काय पाहावं? आधी रेराचा नंबर. इंदूरच्या प्रकल्पांचा तो ‘पी-आयएनडी’ अशा अक्षरांनी सुरू होतो आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव अजून शेतकऱ्याचं आहे की कंपनीचं, हेही पाहावं. मंजूर नकाशावर आपला प्लॉट नंबर आणि माप शोधावं, कारण डायरीतला नंबर आणि नकाशातला नंबर वेगळे निघाल्याच्या तक्रारी नेहमीच्या. आणि एक गोष्ट इथले मुरलेले लोकही विसरतात, ती म्हणजे बंधक प्लॉट. कॉलनीचे रस्ते, ड्रेनेज, वीज पुरी होईपर्यंत एक चतुर्थांश प्लॉट स्थानिक संस्थेकडे तारण राहतात. ते सुटेपर्यंत त्यांची रजिस्ट्री होऊ शकत नाही. डायरीवर मात्र ते बिनदिक्कत विकले जातात, अनेकदा जरा स्वस्तात, आणि कोपऱ्यावरचा प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून घेणारा खूश. विकास-परवानगीसोबत बंधक प्लॉटची यादी असते. ती मागावी, दिली नाही तर गाडी वळवावी.

ज्यांच्याकडे आज डायरी आहेच, त्यांनी यापुढचा एकही रुपया रोख देऊ नये. उरलेले हप्ते चेकने किंवा बँकेतून प्रकल्पाच्या खात्यात द्यावेत. घेणाऱ्याने नकार दिला तर त्यातच पुष्कळ कळतं. आतापर्यंत दिलेल्या रकमेची आणि प्लॉट नंबरची कबुली लेटरहेडवर घ्यावी, व्हॉट्सॲपवरचे संदेश, दरपत्रक, माहितीपत्रक जपून ठेवावं. रेराचा नंबर मिळाल्याची बातमी येताच करारनाम्याचा तगादा लावावा, कारण भाव चढले असतील तर कॉलनाइझरला जुन्या डायरीवाल्यांपेक्षा नवे गिऱ्हाईक लाडके होतात. त्याने सौदा पुरा करायला नकार दिला तर दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे; ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत ती सहज निघून जाते. दलाल डायरी पुढे विकून देतो म्हणाला तर पैसे बँकेत येतील का, एवढंच विचारावं.

पुढच्या आठवड्यात विजय नगरसारख्या इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांमधली लीजची घरं: लीज कधी संपते, नूतनीकरण कोण करतं आणि फ्री-होल्ड करून विकावं की तसंच.