गूढपुरुष, सूचक आणि जागल्या

सरकारनें प्रजेचें टेलिफोनवरील बोलणें चोरून ऐकावें कीं नाहीं, आणि सरकारी दप्तरांतला गैरप्रकार चव्हाट्यावर आणणाऱ्या नोकरास शिक्षा करावी कीं संरक्षण द्यावें, हे दोन प्रश्न आपल्याकडे बहुधा निरनिराळे म्हणून चर्चिले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मतें ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. कायद्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते. तत्पूर्वीं कौटिल्याकडे वळणें उपयोगाचें होईल.

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत गूढपुरुषांची व्यवस्था सांगितली आहे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक व तापस हे एका जागीं राहून टेहळणी करणारे. सत्री, तीक्ष्ण, रसद व भिक्षुकी हे हिंडते. हा भाग सर्वश्रुत असून त्यावरून कौटिल्यास केवळ कपटाचा आचार्य ठरविणारेही पुष्कळ आहेत. परंतु तेथलाच एक नियम सहसा कोणी सांगत नाहीं. परस्परांस न ओळखणाऱ्या तिघांची बातमी जुळली तरच ती विश्वसनीय मानावी, आणि वारंवार चुकीची बातमी आणणाऱ्या हेरास गुपचूप दंड करावा अथवा कामावरून दूर करावें, असा तो नियम आहे. म्हणजे ऐकणाऱ्यावरही नजर होती. मात्र ती राजाचीच, हें विसरतां कामा नये.

दुसऱ्या अधिकरणांत राजद्रव्य गिळण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत, तेथें ‘सूचक’ भेटतो. अपहाराची खबर देऊन ती शाबीत करणाऱ्या सूचकास त्या द्रव्याचा सहावा अंश द्यावा, तो नोकरच असेल तर बारावा; शाबीत न झाल्यास त्यालाच शिक्षा. अमक्या अधिकाऱ्याकडून ज्यांस उपद्रव झाला असेल त्यांनीं येऊन सांगावें, अशी घोषणा करण्याचेंही तेथें विधान आहे. नोकराचा वांटा निम्मा कां, याचें कारण ग्रंथकारानें दिलेलें नाहीं. खबर देणें हें नोकराचें कर्तव्यच, अशी कल्पना असावी असें मला वाटतें. अमरसिंहानें मात्र सूचकास ‘कर्णेजप’ व ‘पिशुन’ यांच्या पंक्तीस बसविलें आहे. एकाच शब्दांत राजहिताची खबर देणारा आणि चहाडखोर असे दोघेही राहतात, व हा घोटाळा आजतागायत मिटलेला नाहीं. मराठी वृत्तपत्रांनीं अलीकडे या अर्थीं ‘जागल्या’ हा रात्रीं गांव राखणाराचा जुना शब्द योजिला आहे. तो मला अधिक पसंत आहे.

आतां इंग्रजी अमदानीकडे येऊं. इ. स. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगीं किंवा सार्वजनिक सुरक्षिततेकरितां तारेनें जाणारा संदेश अडविण्याचा व पाहण्याचा अधिकार सरकारनें आपणांकडे घेतला. पुढें टेलिफोनही त्याच कायद्याखालीं आला. चारच वर्षांनीं, १८८९ सालीं, सरकारी गुपितांचा कायदा झाला. इंग्लंडांत तसा कायदा त्याच वर्षीं झाला होता. इकडे कलकत्त्याच्या अमृतबाजार पत्रिकेनें काश्मीरविषयक एक गुप्त खलिता छापल्यामुळें सरकार चिडलेलें होतें. हीं दोन भावंडें जवळजवळ जुळींच म्हणावयाचीं: पहिल्यानें प्रजेचें गुपित सरकारास खुलें केलें, दुसऱ्यानें सरकारचें गुपित प्रजेस बंद केलें.

लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत हें दुसरें बंधन लष्करी कागदांवरून मुलकी कारभारावरही पसरविण्याचें घाटलें, तेव्हां डिसेंबर १९०३ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्यास कसून विरोध केला. तरीही १९०४ सालीं दुरुस्ती मंजूर झाली. १९२३ च्या कायद्यानें तिची जागा घेतली, आणि तो कायदा स्वराज्यांतही राहिला.

टेलिफोनच्या बाबतींत पहिला मोठा बांध घातला तो सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर १९९६ रोजीं, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर. आज्ञा गृहसचिवाचीच असावी, ती दोन महिन्यांपुरती असावी व एकंदर मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, आणि पुनर्विलोकन समितीनें ती तपासावी, असें ठरलें. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र आवश्यक ठरली नाहीं, कारण मूळ कायद्यांत ती नव्हती. राज्यांतील त्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात व तिचे सभासदही सचिवच. आज्ञा देणारा आणि ती तपासणारे एकाच मंत्रालयांतले! तिघे हेर एकमेकांस ओळखत नसावेत, ही कौटिल्याची दक्षता येथें कोठें दिसत नाहीं.

याचा परिणाम महाराष्ट्रानें पाहिला. २०२० सालीं राज्य गुप्तवार्ता विभागाच्या आयुक्त रश्मी शुक्ला यांनीं, टेलिफोनवरील संभाषणें ऐकून, पोलिसांच्या बदल्यांत दलाली चालते असा अहवाल वरिष्ठांस दिला. मार्च २०२१ मध्यें तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनीं तो वृत्तपत्रांपुढें मांडला. सरकारनें अहवाल दडपून ठेविला असें त्यांचें म्हणणें होतें. उलट, सार्वजनिक सुरक्षिततेच्या नांवें घेतलेली परवानगी भलत्याच कामीं वापरली, असा मुख्य सचिवांच्या अहवालाचा आक्षेप होता. अहवाल बाहेर फुटल्याबद्दल मुंबईच्या सायबर पोलिसांनीं अज्ञात व्यक्तींविरुद्ध जो गुन्हा नोंदविला, त्यांत १८८५ चा कायदाही होता व १९२३ चाही. जुळीं भावंडें एकाच कागदावर आलीं. पुढें २०२२ सालीं, राजकीय पुढाऱ्यांचे टेलिफोन बेकायदा ऐकल्याच्या आरोपावरून शुक्ला यांच्याविरुद्ध पुणें व मुंबई येथें नोंदविलेले दोन गुन्हे मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२३ मध्यें रद्द केले. दोष कोणाचा, हा या लेखाचा विषय नाहीं. एका पक्षास जी जागल्याची हांक वाटली, तीच दुसऱ्यास गुपिताची चोरी वाटली. आणि दोघांमध्यें निवाडा करील असा त्रयस्थ आरंभापासून कोणीच नव्हता, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

सूचकाचें उदाहरण आमच्या नाशकांतच आहे. येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनींतील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनीं २०१२ सालीं पाटबंधाऱ्यांच्या कामांतील फुगविलेला खर्च व निकृष्ट बांधकाम यांविषयीं मुख्यमंत्री व राज्यपाल यांस पत्रें लिहिलीं. सप्टेंबरांत तीं वृत्तपत्रांत गाजलीं. त्या महिन्याच्या २५ तारखेस उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीं, आरोप नाकारून, राजीनामा दिला. डिसेंबरांत ते पदावर परत आले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी नेमली गेली व तिचा अहवाल २०१४ सालीं आला. पांढरे यांनीं मुदतीपूर्वींच नोकरी सोडली. त्यांनीं पत्रें लिहिलीं तीं आपल्या नांवानें व हुद्द्यानें. असें धैर्य किती महाग पडूं शकतें, हें मावळ तालुक्यांत दिसलेंच होतें: माहितीच्या अधिकारानें जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजीं तळेगांव दाभाडे येथें खून झाला.

अशांच्या रक्षणार्थ संसदेनें २०१४ सालीं कायदा केला. त्यांत निनांवी तक्रारीस स्थान नाहीं. तक्रारदाराचें नांव गुप्त राखण्याची हमी मात्र आहे. तो अंमलांत आणणारी अधिसूचना दहा वर्षें लोटलीं तरी निघाली नाहीं. दुसरीकडे १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं २०२३ सालीं दूरसंचाराचा नवा कायदा झाला, व संभाषण ऐकण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्यें निघाले. त्या कायद्याचें विसावें कलम उघडून पाहावें. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, हे १८८५ चेच शब्द तेथें जसेच्या तसे आहेत.